सारंगातला गंधार

माझा देवावर विश्वास आहे का, असं गेल्या वर्षीच्या चैत्रापर्यंत कुणी विचारलं असतं तर टाळ वाजवण्यापुरता आहे, असं मी सांगितलं असतं. घरात देव होते, देवांपुढे आई होती, आईपुढे पेटी होती, आणि सगळ्यांच्या मागे दाराशी टाळ घेऊन मी. मी ग्वाल्हेरात इंदरगंजला एका वकिलांच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग करते. साक्षीदारानं डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगावं, अर्थ लावत बसू नये, असं आमचे वकीलसाहेब रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असतात. ते माझ्याही अंगी मुरलं आहे. म्हणून इथे मी पाहिलं तेवढंच लिहिते. अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

आधी आईबद्दल सांगायला हवं. आई माहेरची उज्जैनची. तिथे ती एका बुवांकडे सात वर्षं गाणं शिकली होती आणि लग्न होऊन ग्वाल्हेरला आली ती तंबोरा घेऊनच. माझ्या वडिलांच्या घराण्यात पूर्वी दरबारी पुराणिकी होती. वडिलांपर्यंत येता येता तिची पाटबंधारे खात्यातली कारकुनी झाली, पण घराचा करडेपणा तसाच राहिला. आजीनं नव्या सुनेला अट घातली, की गायचं तर देवापुढे गायचं, माणसांपुढे नाही. आईनं मुकाट्यानं मान डोलावली आणि त्यानंतर देवाला एक दिवस सुट्टी दिली नाही. पहाटे भूपाळ्या, संध्याकाळी भजनं, गुरुवारी दत्ताची पदं, एकादशीला वेगळं. वर्षभरात आजीच कंटाळून म्हणाली, "अगं, त्या देवालाही थोडा आराम करू दे." पुढे ती आजीसुद्धा दुपारची झोप सोडून आईचं ऐकायला बसायची.

वडील गेल्यावर हरिशंकरपुरमच्या घरात पुढच्या खोलीत आईनं गाण्याची शिकवणी सुरू केली. मुलं बहुतेक हिंदी घरांतली. आई त्यांच्याशी तिच्या हिंदीत बोलायची, त्यातला निम्मा भाग मराठी असायचा आणि मुलांनाही तो कळायचा. शिकवण्याची तिची एकच रीत होती. कुणी चुकलं की ती पेटी थांबवायची, डाव्या हाताचं पहिलं बोट वर करायची आणि म्हणायची, "चुकलास ना? मग ओळ पुन्हा घे. राम कुठे पळून चाललाय?" चूक झाकून पुढे गेलेलं तिला मुळीच खपायचं नाही. चुकणं तिला चालायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला रामाचं लहानसं देऊळ आहे. तिथे रामनवमीला भर दुपारी बारा वाजता जन्म होतो, पाळण्यात कुंची घातलेला नारळ ठेवतात, गुलाल उधळतात आणि पाळणा म्हणतात. हा पाळणा आजीच्या वहीतला, त्याची चाल आईनं बांधलेली. चाळीसहून जास्त वर्षं तो आईनंच म्हटला. दुपारची वेळ म्हणून तिनं तो सारंगात बांधला होता. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की या रागात गंधार घेत नाहीत. सा रे ग म मधला ग गाळायचा. 'जो जो' म्हणताना मध्यमावरून थेट रिषभावर उतरायचं, मधल्या पायरीवर पाय न ठेवता. ऐकायला सोपं वाटतं. मी नऊ वर्षांची असल्यापासून माझा पाय त्याच पायरीवर पडत आला आहे.

मी नऊ वर्षांची असताना आईनं मला पाळणा शिकवायला घेतला होता. मी गंधार घेतला. तिनं बोट वर केलं. पुन्हा घेतला, पुन्हा बोट. असं किती वेळा झालं ते आठवत नाही, पण शेवटी ती हसून म्हणाली, "बाई गं, तू टाळ धर. तुझा ताल फार चांगला आहे." ती प्रेमानंच म्हणाली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, गळा आईसारखा. तो पाळण्याला तिच्या शेजारी बसायचा आणि मी मागे टाळ कुटायची. त्या दिवसापासून मी आरतीसुद्धा कधी तोंड उघडून म्हटली नाही, नुसते ओठ हलवले. देवाला आणि आईला दोघांनाही सुरेल माणसंच आवडतात, अशी माझी समजूत होती आणि ती मी चांगली पंचेचाळीस वर्षं सांभाळली. लग्न केलं नाही, आईजवळच राहिले, तिची औषधं, पथ्य, पेटीचं ट्यूनिंग सगळं बघितलं. मनातली ही अढी मात्र गेली नाही.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. मी ऑफिसातून आले तेव्हा आई पेटी घेऊन पाळण्याची तयारी करत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, वरचा सूर लावताना आवाज कापत होता. दिवसभर मान मोडून टायपिंग केलेलं, डोकं उठलेलं, मी दारातूनच म्हणाले, "आता यंदा दुसऱ्या कुणाला म्हणू दे की. आवाज कापतो तुझा." आईनं भाता बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला त्यातलं काय कळतं?"

बस, एवढंच. पण रात्री आम्ही दोघी न बोलता जेवलो. सकाळी मी गुढी उभारायला घेतली तरी अबोला होता. आई गुढीला बांधायची साखरेची गाठी हातात घेऊन बसली होती. ती गाठी तिच्या उजव्या हातातून खाली पडली आणि तिनं ती उचलली नाही. मी रागातच वळून पाहिलं तर तिचं तोंड वाकडं झालं होतं.

अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी तिला पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं, नाव विचारलं. ती डोळे उघडून बघायची, मग मिटून घ्यायची. जिवाचा धोका टळला म्हणाले, पण बोलणं परत येईल की नाही ते सांगता येणार नाही. दादा दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तिची आवडती भजनं एकामागून एक म्हटली. वॉर्डातले नातेवाईक उठून जवळ आले, इतका तो चांगला गायला. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडातून काही आलं नाही. मग त्यानं मोबाइलवर रामनामाची धून लावून तिच्या उशीशी ठेवली आणि ती दिवसभर वाजत राहिली.

लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, रामावर सोपवा. मला मनातून चीड यायची. जिनं त्याच्यापुढे पन्नासहून जास्त वर्षं एक दिवस खाडा केला नाही, नेमका तिचाच गळा त्यानं घ्यावा? ज्यांनी जन्मात एक आरती धड म्हटली नाही ते ठणठणीत फिरताहेत, त्यातली एक मीच. अष्टमीच्या संध्याकाळी दादाला दवाखान्यात ठेवून मी घरी निघाले आणि फूलबागेपाशी टेम्पोतून उतरून एका बाकावर बसले. आईचा आवाज आठवावा म्हणून डोळे मिटले. तिनं मला लाखो वाक्यं ऐकवली असतील. एकच कानात येत होतं, "तुला त्यातलं काय कळतं?" ती आता कधीच बोलली नाही तर हेच तिचं माझ्याशी शेवटचं वाक्य ठरणार होतं, आणि माझं तिच्याशी शेवटचं वाक्य, तुझा आवाज कापतो. मी तिथे चारचौघांत रडले. देवाकडे काही मागावं असं तेव्हाही वाटलं नाही. इतकंच वाटलं, की मला तिचं आणखी एक वाक्य हवं आहे, कसलंही चालेल.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. देवळातल्या मंडळींनी दादाला आग्रह केला, की आईच्या जागी पाळणा तूच म्हण. ते योग्यच होतं. तो अकराला गेला आणि मी आईपाशी बसले. शेजारच्या खाटेवर भिंडकडच्या एका गावातली म्हातारी होती आणि तिच्या सोबतीला तिची सून. चाळिशीची, हातभर बांगड्या, दिवसभर काही ना काही आवरत बसायची. आमचं तोवर बोलणं म्हणजे गरम पाणी कुठे मिळतं एवढंच. दादाचं गाणं तिनं ऐकलं होतं आणि आईबद्दल त्यालाच विचारून घेतलं होतं. बाराला थोडा वेळ असताना ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "दीदी, आज तो रामनौमी है। तुम्हारे यहाँ का करत हैं?"

मी सांगितलं, पाळणा हलवतात आणि म्हणतात. तर ती म्हणाली, "तो डाल लेते हैं झूला, का देर है।" तिनं पिशवीतून एक गमछा काढला, तिच्या सासूच्या खाटेच्या दांडीपासून आईच्या खाटेच्या दांडीपर्यंत त्याची झोळी बांधली आणि इकडे तिकडे बघून आमच्याच टेबलावरचं एक मोसंबं उचलून आत ठेवलं. आमच्या घराण्यात नारळाला कुंची शिवतात, तीसुद्धा सोवळ्यात. मला हसावं की काय करावं ते कळेना. ती मात्र गंभीर होती. झोळीची कड हातात धरून म्हणाली, "अब गाओ।"

मी म्हटलं, मला गाता येत नाही. भाऊ गातो, मी बेसूर आहे. "तो हमें कौन सा सुर आवे है," ती म्हणाली. "रामजी तो आज जनमेंगे ही। कोई बेसुरा गाए तो का पेट में ही रह जाएँगे?"

असली उलटतपासणी वकिलांकडे तीस वर्षं काढूनही मी ऐकली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ बाराला आलं होतं. मी आईच्या उशीशी वाजणारी धून बंद केली आणि पंचेचाळीस वर्षांनी तोंड उघडलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. शब्द सगळे पाठ होते, ते कसे विसरणार? पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसरीत 'जो जो' आलं, मी मध्यमावरून उतरले आणि माझा पाय बरोबर त्याच पायरीवर पडला. गंधार लागला.

आईच्या कपाळाला आठी पडली.

ही आठी मी नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते. आठ दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही ओळखीचं दिसत होतं. मी गाणं थांबवून विचारलं, "आई, पाणी हवंय?" तिनं डोळे उघडले नाहीत. डावा हात चादरीवरून थोडा उचलला आणि पहिलं बोट वर केलं. शेजारीण म्हणाली, "रुको मत दीदी, गाओ।" मी ओळ पुन्हा घेतली. लक्ष सगळं तिच्या बोटाकडे, आणि गंधार पुन्हा लागला. तेव्हा आईनं तोंड उघडलं. एका बाजूनंच उघडत होतं ते. त्यातून आधी मध्यम आला आणि मग रिषभ, बारीक पण सरळ, मधे काहीही न लागता. म, रे. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ओठ जुळवले, आणि मोठ्या कष्टानं, सुरातच, तीन तुकड्यांत म्हणाली, "गं... धार... नाही."

मला हवं होतं ते वाक्य हेच. मी तिच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देत होते आणि हसतही होते. त्या बाईनं सिस्टरला हाक मारली, सिस्टरनं डॉक्टरांना. घड्याळात तेव्हा बारा वाजून किती मिनिटं झाली होती ते मी पाहिलं नाही, आणि साक्षीत अंदाज लिहू नये. थोड्या वेळानं दादाचा फोन आला, देवळातला घंटानाद मागे ऐकू येत होता. "जन्म झाला गं. आई कशी आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मला रागावली."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. काही रुग्णांचं बोलणं जातं पण गाणं शाबूत राहतं, म्हणाले, आता गाण्यातूनच सुरुवात करा. त्यांचं म्हणणं खरंच असणार. ज्यानं बोलणं जाताना गाणं मागे ठेवलं त्याच्याशी माझं काही भांडण उरलं नाही, एवढंच मी म्हणेन. दादा इतका सुंदर गायला तेव्हा ती का उठली नाही, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस पडत असे. त्याच्या गाण्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आई जन्मभर मास्तरीण होती. तिला हाक मारायला चूकच लागत होती आणि ती आमच्या घरात फक्त माझ्याकडे होती.

संध्याकाळी मी आईला तपासणीहून घेऊन परत वॉर्डात आले तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. त्या म्हातारीला दुपारीच घरी सोडलं होतं. सुनेनं गमछा सोडून नेला होता आणि मोसंबं आमच्या टेबलावर परत ठेवलं होतं. नाव विचारायचं राहून गेलं. गावही नीटसं कळलं नाही. दोनदा ऑफिसातल्या भिंडच्या अशिलांकडे मी चौकशी केली, पण हातभर बांगड्या घालणारी सून एवढ्यावरून कोण कुणाला शोधणार?

त्यानंतर आई पौषापर्यंत, म्हणजे नऊ महिने होती. तिला नुसतं 'पाणी' म्हणता येत नसे, पण 'पाणी दे' हे ती सा आणि रे वर म्हणायची. हळूहळू जेवण, औषध, पंखा, सगळं सुरात आलं. शेजारच्या शर्माभाभी म्हणायच्या, तुमच्या घरात तर भांडणंसुद्धा रागदारीत होतात. आणि रोज दुपारी ती पेटीकडे बोट दाखवायची. पंचेचाळीस वर्षं थांबलेला पाळणा तिनं पुन्हा शिकवायला घेतला. डाव्या हाताचं बोट वर गेलं की मी थांबायची, ओळ पुन्हा घ्यायची. एकदा धीर करून मी म्हणाले, "आई, पाडव्याच्या आदल्या दिवशी मी तुला बोलले, ते मनात ठेवू नकोस." तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. तिला काही आठवत नव्हतं, अगदी काहीच नाही. ज्या वाक्यानं मला आठ दिवस जाळलं त्याचा तिच्याकडे मागमूसही नव्हता. तिनं पेटीवर बोट आपटलं. म्हणजे, चल, पुढे.

तिचं जाणं शांत होतं. सकाळी चहा घेतला, 'खिडकी बंद' असं गाऊन सांगितलं, आणि दुपारच्या झोपेतून उठली नाही. तिच्या हातून सुटलेलं काही आता माझ्या हातात आहे, असं म्हणायची माझी योग्यता नाही. पण पूर्वी मला वाटायचं, की देवाला आपल्याकडचं जे निर्दोष असेल तेच वाहावं, आणि माझ्याकडे तसं काही नव्हतं म्हणून मी दाराशी बसत होते. त्या दुपारी माझ्याकडून मागितली गेली ती नेमकी मी लपवून ठेवलेली गोष्ट. ती दिल्याबरोबर आई परत मिळाली. रामावर सोपवणं म्हणजे काय, ते याहून जास्त मला कळलेलं नाही. त्या अनोळखी बाईचे, आणि तिला त्या खाटेशेजारी आणून बसवणाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

यंदाच्या रामनवमीला पाळणा मी म्हणावा असं ठरलं. ठरवलं मीच, दादानं पुण्याहून फोनवर नुसतं "देर आए, दुरुस्त आए" म्हटलं. मी पाळण्यात कुंचीतल्या नारळाशेजारी एक मोसंबं ठेवलं. गुरुजी म्हणाले, "ताई, हे काय?" मी म्हटलं, असू द्या, तेही रामच आहे. बारा वाजले, गुलाल उडाला, बायकांनी दोरी धरली, मी पेटी धरली. पहिली ओळ चांगली गेली. दुसरीत 'जो जो' आलं आणि सवयीनं पाय पडलाच, गंधार लागला. देऊळभर माणसं होती. कुणाला कळलं असेल, कुणाला नसेल. मागे बोट वर करणारं कुणी नव्हतं. चूक झाकून पुढे जाता आलं असतं.

मी पेटी थांबवली. बायकांचे हात दोरीवर तसेच थांबले. पाळण्यात नारळ होता, मोसंबं होतं, राम कुठेही पळून गेला नव्हता. मी ओळ पुन्हा घेतली.